एक की सात

"तुम्हीपण खेळायचात का?" असं त्या माणसानं फोनवर विचारलं तेव्हा माझ्या एका हातात कुणाची तरी वरची कवळी होती आणि दुसऱ्या हातात तापवलेली सुरी. कवळी अजून मेणातच होती. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. सुरी जरा जास्त आत गेली आणि पुढचे दोन दात, जे मी अर्धा तास खपून एका रेषेत बसवले होते, ते मेणासकट कलले. मी ते सावरायला लागले, त्याला वाटलं फोन तुटला. "हॅलो? बाई? नाही, म्हणजे त्यांच्याबद्दल लिहायचं तर खेळ थोडाफार कळत असला म्हणजे बरं, एवढंच." आवाज तरुण, गोड, घाईतला. बुद्धिबळ संघटनेची स्मरणिका निघणार होती आणि तो तिचा संपादक. पूर्वी जे खेळाडू इथून दुसऱ्या देशात गेले आणि तिथल्या झेंड्याखाली खेळले त्यांच्या आठवणी. एकूण अकराजण, त्यात बाई एकच. तिची इथली मैत्रीण म्हणून माझं नाव एका जुन्या खेळाडूनं त्याला दिलं होतं. दोन पानं पुरे. ती कशी होती, तिच्या सवयी, एखादा गमतीचा प्रसंग. "थोडाफार कळतो," मी म्हटलं, पंधरा दिवसांत देते असं कबूल केलं आणि फोन ठेवला. आमच्या दातांच्या लॅबचे मालक मागून जात होते. ते थांबले, कलंडलेल्या दातांकडे बघून म्हणाले, "अरेच्चा. तुमचा हात हलला?" एकतीस वर्षांत माझा हात हललेला त्यांनी पाहिला नव्हता. मी म्हटलं, मेण मऊ आहे आज. आणि ते दोन दात काढून पुन्हा बसवायला घेतले.

आम्ही दोघी टायरच्या गोदामावरच्या एका खोलीत खेळ शिकलो. खाली टायर, वर आम्ही. घरी गेलं तरी केसांना रबराचा वास यायचा. शिकवणारे सर एका शाळेत भूगोलाचे मास्तर होते आणि त्यांना कुणालाच खऱ्या नावानं हाक मारता यायची नाही. ती उंच, म्हणून शिडी. स्वतःचा डाव टाकून उठायची, खोलीभर हिंडायची आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून सगळे पट बघून यायची. मी मुंगी. मुंगी कारण मी कणकण गोळा करायचे. एक प्यादं हाती लागलं की ते सोडायचं नाही, पट आवळत न्यायचा, चाळीस-पन्नास चालींनी समोरच्याचा श्वास बंद. आम्ही एकमेकींशी अकरा डाव खेळलो. सात मी जिंकले, दोन ती जिंकली, दोन बरोबरीत सुटले. या अकराच्या अकरा डावांच्या वह्या माझ्याकडे आहेत आणि मला त्या उघडाव्या लागत नाहीत. पण बाबा आम्हाला न्यायला यायचे तेव्हा तिच्याच पटाशी उभे राहायचे. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, स्वतः बरं खेळायचे. मी जिंकून आले तरी वाटेत विचारायचे, "शिडीनं काय केलं आज?" ती हरलेली असायची. हरून खो खो हसत असायची, कारण हत्ती फुकट देऊन काहीतरी करायला गेलेली असायची. "पोरगी धाडसी आहे," बाबा म्हणायचे. मी त्यांच्या शेजारून चालत असायचे, खिशात जिंकलेला डाव, आणि मला वाटायचं की तिला एखादा मोठा आजार व्हावा. मोठा म्हणजे अगदी मरण्याइतका नाही. उंची कमी होण्याइतका.

लिफाफ्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नवरा ती पाहुण्यांना सांगतो, आणि सांगताना माझ्याकडे बघत नाही, म्हणजे मी अडवायला नको. गोष्ट अशी. मी एकवीस वर्षांची, ती बावीस. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात मुलीसाठी एकच जागा. निवड चाचणीची शेवटची फेरी आणि समोरासमोर आम्ही दोघी. मला अर्धा गुण पुरे होता, म्हणजे बरोबरी झाली तरी जागा माझी. तिला जिंकणंच भाग होतं. पाच तास झाले, वेळ संपली, दुपारी डाव तहकूब झाला. तेव्हाची पद्धत अशी की जिची पाळी असेल तिनं आपली पुढची चाल पटावर न करता कागदावर लिहायची, लिफाफ्यात बंद करायची आणि पंचांकडे द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफाफा उघडायचा, ती चाल पटावर करायची आणि खेळ पुढे. पाळी माझी होती. दोघींकडे एकेक हत्ती, मूठभर प्यादी, माझं एक प्यादं जास्त. माझ्यापुढे चाली दोनच होत्या: हत्ती सातव्या रांगेत, तिच्या घरात घुसवायचा, नाहीतर मागे पहिल्या रांगेत आणून आपलं घर राखायचं. मी चाल लिहिली, पंचांनी लिफाफ्यावर सही केली. सकाळी उघडला तर रांगेच्या इंग्रजी आकड्याला चोच आलेली. एक म्हणा, सात म्हणा. नियमाप्रमाणे चाल दोन तऱ्हांनी वाचता आली की लिहिणारा डाव हरतो. पण पंच भला माणूस. म्हणाले, "दोघींचं एकमत होत असेल तर मी खेळ चालू करतो." आधी तिला विचारलं, तुला काय दिसतं? तिनं कागद बराच वेळ धरला आणि म्हणाली, "एक." मग मला विचारलं. मी म्हटलं, "सात." एकमत झालं नाही. मी हरले. जागा तिला मिळाली. इथे नवरा जरा थांबतो आणि म्हणतो, "सात लिहिलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण डोळ्यांवर विमान आलेलं ना!" पाहुणे चुकचुकतात. मी आत जाते.

ती गेली आणि आलीच नाही. स्पर्धा झाली, तिथल्या एका पुलांच्या इंजिनियरशी तिनं लग्न केलं, त्या देशाकडून सहा वर्षं खेळली. मग ते लग्न मोडलं, ती तिसऱ्या देशात गेली, तिथून खेळली, तिथे मुलांना शिकवू लागली. मला हे सगळं तिच्या कार्डांवरून कळायचं. ती दर स्पर्धेहून एक कार्ड टाकायची: एखादं तळं, घंटाघर, बर्फात उभी असलेली गाडी. मागे चार ओळी. मी एकालाही उत्तर दिलं नाही आणि एकही फेकलं नाही. पोस्टमन दारात दिसला की माझ्या पोटात दुखायचं, खरोखरचं, बेंबीच्या वर, बोट ठेवून दाखवता येईल असं. फोटो आला की मी आधी तिच्या अंगावरचा कोट बघायचे, मग चपला, मग मागची खिडकी. खिडक्यांचं मला विशेष होतं. मी त्या वेळी एका कारकुनी नोकरीत होते, नंतर ती सुटली, दातांचं काम शिकले, लग्न झालं, मुलगी झाली, आणि प्रत्येक घराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची. ती दुसऱ्या देशाच्या अजिंक्यपदाचा शेवटचा डाव जिंकू शकली नाही, बरोबरी घेऊन दुसरी आली, हे वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात मी वाचलं तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती आणि मला कित्येक दिवसांनी कडकडून भूक लागली. सासूबाईंना वाटलं, आता हिची तब्येत सुधारली. खेळ मी त्या लिफाफ्यानंतर वर्षभरातच सोडला होता. विचारणाऱ्याला सांगायला कारण आयतं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला फोनबद्दल सांगितलं. तो बॉयलर तपासणी खात्यातून निवृत्त झालाय आणि आता घरातल्या प्रत्येक गोष्टीची तपासणी करतो. "गमतीचा प्रसंग हवाय?" तो म्हणाला. "मग दे की! लिफाफ्याचा दे. बेचाळीस वर्षं झाली, आता कसली भीड?" मी नको नको म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसले. मला वाटलं नव्हतं इतकं ते सरसर आलं. टायरचा वास आला, सरांचं खडूनं पांढरं झालेलं कोपर आलं, तिचं हिंडणं आलं. लिफाफ्यापाशी आल्यावर मी फार सभ्यपणे लिहिलं. आरोप केला नाही. 'तिला एक दिसला. माणसाला जे हवं ते दिसतं,' एवढंच. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते चार वेळा वाचलं आणि लॅबमध्ये कवळीला पॉलिश करताना पुटपुटले. अशी टोचणी की रक्त दिसू नये. पानं तयार झाली, साफ अक्षरात लिहून काढली, फक्त पाठवायची राहिली होती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत संपादकाचा निरोप आला. तुमच्या मैत्रिणीनं स्वतः एक पान लिहून पाठवलंय, तुमचं त्याच्याशी जुळायला नको म्हणून बघून घ्या, असं म्हणून त्यानं तिचं पान माझ्या फोनवर टाकलं होतं. मी डबा बाजूला सारला. सुरुवातीला दोन देशांमधल्या थंडीबद्दल काहीतरी होतं. मग तिनं लिहिलं होतं: 'माझ्या आधी जिची जागा होती तिचं नाव आज कुणाला माहीत नाही. ती माझ्याहून चांगली खेळायची. निवड चाचणीत तिनं बंद केलेली चाल पंचांनी मला दाखवली आणि मला तिथे स्पष्ट सात दिसला. मी एक म्हणाले. पुढे मी ज्या ज्या देशात गेले त्या देशात हा आकडा माझ्याबरोबर आला. हे मी आता लिहिते आहे कारण तिची माफी मागायला माझ्याकडे आता फार वर्षं उरलेली नाहीत.' मी ते वाचलं आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. हेही तिनंच घेतलं. जागा तिची, कोट तिचा, खिडक्या तिच्या; आता प्रामाणिकपणाही तिचा. लोक वाचतील आणि म्हणतील, केवढ्या मनाची बाई! आणि माझी ती टोचणी, चार वेळा वाचलेली, तिची आता काय किंमत? चोरानं येऊन स्वतःच वस्तू समोर ठेवल्यावर 'चोर, चोर' कुणी ओरडायचं? शेजारच्या टेबलावर प्लास्टरचे साचे वाळत ठेवले होते, कुणाकुणाचे बिनदातांचे जबडे, सगळे आ वासून. मी डबा न खाताच बंद केला.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला. नंबर संपादकानं दिला होता. बेचाळीस वर्षांनी आवाज. शब्द जरा अडखळत होते, मधूनच एखादा शोधावा लागत होता, पण हाक तीच. "मुंगे?"

"बोल," मी म्हटलं.

"वाचलंस?"

"वाचलं."

"छापू दे का? तू नाही म्हणालीस तर मी परत मागवते. तुला विचारल्याशिवाय मला..." ती थांबली. "तू कार्डांना कधी उत्तर दिलं नाहीस. बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असते तर फाडली असती."

माझ्या जागी! खिडकीबाहेर समोरची भिंत होती, तिच्यावरून पाण्याचा पाइप खाली आला होता. मी पाइपाकडे बघत म्हटलं, "जाऊ दे गं. किती वर्षं झाली. छाप तू. माझ्या मनात काही नाही."

पलीकडे ती रडायला लागली. मोठ्यानं, नाक ओढत, लहान मुलासारखी. मी तिला तब्बल पाच मिनिटं रडू दिलं. मधून मधून "अगं, असं काय" म्हणत राहिले. आवाज माझा मलाच मखमली वाटत होता. आमच्यातला बारावा डाव, आणि हा मी इतका सफाईनं जिंकला होता की तिला हरल्याचं कळलंही नव्हतं. उलट ती आभार मानत होती. फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला सांगितलं आणि तो उठून उभाच राहिला. "कबूल केलं? लेखी?" त्यानं लगेच मुलीला फोन लावला. रविवारी मुलगी आली, तिनं ते पान स्वतःच्या फोनवर घेऊन दोनदा वाचलं, मला मिठी मारली. दोन दिवस घरात मला कुणी भांड्याला हात लावू दिला नाही. निघताना दारात चप्पल घालताना मुलगी म्हणाली, "आई, आजोबा असायला हवे होते गं आज. त्यांना किती बरं वाटलं असतं."

ती जिना उतरून गेली आणि मी दाराची कडी धरून उभी राहिले. बाबा. बाबांनी त्या दिवसानंतर शिडीच्या घरच्यांशी बोलणं टाकलं होतं. तिची आई रस्त्यात दिसली तर समोरच्या फुटपाथला जायचे. सरांशीही भांडले, तुम्ही तिथे असून गप्प बसलात म्हणून. शेवटच्या आजारात त्यांना माझी मुलगी ओळखू यायची नाही, पण लिफाफा आठवायचा; माझा हात धरून म्हणायचे, "सात होता. मी बघितला ना, सात होता." आणि मी म्हणायचे, "हो बाबा."

सात नव्हता. मी एक लिहिला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि इतक्या वर्षांत स्वतःलाही फारसं सांगत नव्हते. पाय मोडलेली खुर्ची आपण भिंतीला टेकवून ठेवतो आणि तिच्यावर बसत नाही, तसं. त्या दुपारी कागद समोर आला तेव्हा मी भ्याले. अर्धा गुण पुरे होता. हत्ती मागे आणून घर राखलं की बरोबरी कुठे जात नाही, असा हिशेब केला आणि एक लिहिला. घाईनं लिहिला, त्याला चोच आली. घरी आल्यावर बाबांनी पट मांडला. आम्ही दोन्ही चाली तपासल्या. मागे आलं तर बरोबरी, जिकिरीची पण बरोबरी. आणि सातव्या रांगेत घुसलं तर? बाबांनी हत्ती उचलून तिथे ठेवला आणि चार चालींत तिचं घर कोसळलं. सरळ जीत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय लिहिलंस?" आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे तसं बघत होते, जसे तिच्या पटाकडे बघायचे. मी म्हटलं, "सात." ते उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "धाडस केलंस." दुसऱ्या दिवशी सकाळी लिफाफा उघडला तेव्हा ते खुर्च्यांच्या मागे उभे होते. तिनं एक म्हटलं. मी हो म्हणायचं होतं, फक्त एवढंच. खेळ चालू झाला असता, बरोबरी झाली असती, जागा माझी होती. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला पाठीवर बाबांचे डोळे लागले. तेल गेलं, तूप गेलं. नंतर बेचाळीस वर्षं मी जे जपलं ते धुपाटणं.

मंगळवारी मी लॅबमधून लवकर निघाले. घरी नवरा पेपर वाचत बसला होता. त्याच्यासमोरच फोन लावला, आत जाऊन लावला असता तर पुन्हा कच खाल्ली असती. तिनं उचलला. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"शिडी, मी एक लिहिला होता."

"काय?"

"लिफाफ्यात. मी एकच लिहिला होता. बाबांना सात म्हणून सांगितलं होतं, म्हणून तिथेही सात म्हणाले."

नवऱ्यानं पेपर खाली घेतला.

"म्हणजे मी खोटं बोलले नव्हते?" ती म्हणाली.

"बोललीस. तुला सात दिसला होता ना?"

"हो. दिसला होता."

"मग बोललीसच. फक्त ते खरं निघालं."

ती हसली नाही. "शनिवारी मी रडत होते," ती म्हणाली. "तू ऐकत होतीस."

"हो."

"आणि काही बोलली नाहीस."

"नाही."

"बेचाळीस वर्षं, मुंगे!" आता तिचा आवाज चढला. "एक कार्ड टाकायचं होतंस. एक ओळ. तुला माहीत आहे का, अजिंक्यपदाचा शेवटचा डाव होता माझा. जिंकले असते. हत्ती सातव्या रांगेत न्यायचा आणि संपलं, कुठलंही पोर सांगेल. मी हात उचलला आणि मला तुझे बाबा दिसले. खुर्च्यांच्या मागे उभे होते ना, तसेच. मी बरोबरी मागितली. एकदा नाही, असं कितीदा झालं. लोक म्हणायचे, हिला शेवटी काय होतं? नवराही म्हणायचा. मी काय सांगणार होते?"

त्या बरोबरीची बातमी वाचून मी पोटभर जेवले होते. ते मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "मी जळत होते गं."

"कशावर?"

"कोटावर," मी म्हटलं. "खिडक्यांवर."

"कुठल्या खिडक्या?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. मग म्हणाली, "मला तुझा राग आलाय. पुष्कळ. तो काही आज जायचा नाही."

"येऊ दे. तुझं पान परत मागवू नकोस. मी माझं नवीन लिहून देते. दोन्ही छापतील."

"बघू," ती म्हणाली. मला वाटलं आता ठेवेल. पण तिनं विचारलं, "घरात पट आहे का?"

पट बाबांचा होता, कपाटावर. नवऱ्यानं स्टुलावर चढून काढून दिला आणि देताना हळूच म्हणाला, "म्हणजे मी तीस वर्षं पाहुण्यांना..." मी मान हलवली. तो तिथेच स्टुलावर बसला. मी सोंगट्या मांडल्या. सांगावं लागलं नाही. ती फोनवरून सांगायच्या आतच मी ठेवत होते. तोच हत्ती, तीच प्यादी.

"कर तुझी चाल," ती म्हणाली.

मी हत्ती पहिल्या रांगेत मागे आणला.

"आता मी मधलं प्यादं पुढे ढकलते. घे ते."

"फुकट?"

"घे गं. तू सोडणार आहेस का?"

मी घेतलं. तिनं राजा पुढे काढला. एक घर, आणखी एक. माझी दोन प्यादी जास्त होती आणि माझा हत्ती मागच्या रांगेत, घर राखत. राजा तिसरं घर पुढे आला तेव्हा मला कळायला लागलं. हत्ती हलवला की प्यादं जायचं; नाही हलवला तर राजा आत यायचा आणि सगळंच जायचं. मी हत्ती डावीकडे नेऊन पाहिला. परत आणला. तिला म्हटलं, थांब जरा. पट सुरुवातीला मांडला, दुसऱ्या वाटेनं गेले, तिसऱ्या वाटेनं गेले. बाहेर दिवस मावळायला आला होता. नवऱ्यानं उठून दिवा लावला आणि पुन्हा बसला. बाबांनी आणि मी त्या संध्याकाळी या राजाकडे पाहिलंच नव्हतं. बरोबरी नव्हती ती. कधीच नव्हती.

"हे तुला केव्हा सापडलं?"

"त्याच संध्याकाळी. आमच्या जिन्यात बसून, खिशातल्या पटावर. सातला माझ्याकडे उत्तर नव्हतं, एकला हे होतं. म्हणून तर एक म्हणाले."

म्हणजे मी खरं बोलले असते तरी हरले असते. समोरासमोर, सगळ्यांदेखत, बाबांदेखत. अर्धा गुण नाही, जागा नाही, लिफाफ्याची गोष्ट नाही. नुसती हरले असते, आणि बाबा परत येताना म्हणाले असते, पोरगी धाडसी आहे. मी पटाकडे बघत बसले. पुन्हा ते बेंबीच्या वर दुखलं, बोट ठेवून दाखवता येईल असं. पण त्यात आता गाऱ्हाणं नव्हतं. एकवीस वर्षांच्या मुलीला बावीस वर्षांच्या मुलीचा वाटतो तसा हेवा, कारण तिला ते दिसलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. इतकाच.

"चांगली चाल आहे," मी म्हटलं.

"आहेच," ती म्हणाली.